कसदार काळ्या मातीत फुलांचं बी का रुजत नाही?

शेतातून पोतंभर काळी माती आणायची, कुंडीत भरायची, वर पिटुनियाचं बी टाकायचं आणि रोज तांब्याभर पाणी ओतायचं. खान्देशात घरोघरी फुलझाडं अशीच लावली जातात. पंधरा दिवसांत काही उगवलं नाही की दोष बियाण्याच्या पाकिटावर जातो. बी बहुतेक वेळा चांगलं असतं, ते मातीत गुदमरलेलं असतं.

तापीकाठी केळी आणि कापूस पोसणारी ही माती चिकण आहे. ओली झाली की तिचे कण फुगतात आणि मधल्या पोकळ्या मिटतात. वाळली की वर कडक पापुद्रा धरते. कपाशीचं टपोरं बी हा पापुद्रा बरेचदा फोडतं, फुलांच्या बियांत तेवढा जोर नसतो. एका ग्रॅममध्ये झेंडूच्या सुमारे 300 बिया बसतात, तर पिटुनियाच्या 9 ते 10 हजार.

उगवण्यासाठी बियाला खत लागत नाही. पहिल्या पानांपुरती शिदोरी त्याच्या पोटातच असते. पाणी पिऊन बी फुगलं की आतली विकरं (पचवणारी रसायनं) ती शिदोरी फोडतात, आणि त्यातून ऊर्जा काढायला प्राणवायू लागतो. म्हणून रोपांसाठी मिश्रण हलकंच हवं: 3 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग चाळलेलं गांडूळखत, 1 भाग धुतलेली जाड वाळू. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट 3 ते 4 लिटर पाण्यात भिजवा. त्यात क्षार असू शकतात, तेव्हा चहासारखं तांबूस पाणी फिकट होईपर्यंत दोन-तीनदा पिळून काढा. तयार मिश्रण मुठीत दाबलं की एक-दोन थेंब गळावेत. धार लागली तर ते जास्त ओलं आहे. काळ्या मातीतच मूठभर वाळू मिसळून मात्र काही साधत नाही.

दह्याचे रिकामे डबे, कागदी कप, प्रो-ट्रे (रोपांसाठीचा खळग्यांचा ट्रे), काहीही चालतं. तळाला भोकं हवीत. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, म्हणजे झेंडू जेमतेम अर्धा सेंटीमीटर. पिटुनिया झाकायचाच नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. कोरड्या वाळूत मिसळून तो वर भुरभुरावा आणि बोटाने हलकेच दाबावा. गोकर्णाचं कवच पाणी आत घेत नाही. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासून बी रात्रभर भिजवा. सकाळी जे फुगलेलं दिसेल ते पेरा, बाकीचं पुन्हा घासा.

दसऱ्याच्या तोरणातल्या फुलांतून बी काढताना नखाने दाबून पाहा. भरलेलं बी टणक लागतं, पोकळ असेल तर चपटं होऊन वाकतं. फुलं पुरती पिकण्याआधीच तोडलेली असतात, त्यामुळे पोकळ बियाच पुष्कळ निघतात. आणि तो झेंडू संकरित असेल तर रोपं आईसारखी निघत नाहीत.

पाणी वरून ओतू नका. डबे ताटलीतल्या पाण्यात 15-20 मिनिटं ठेवा, वरचा थर ओलसर दिसला की उचला. झेंडू चार-सहा दिवसांत वर येतो. ओल टिकावी म्हणून वर कागद झाकला असेल तर तो त्याच दिवशी काढायचा, कारण अंधारात एक-दोन दिवस जरी गेले तरी रोप उजेड शोधत लांबट होतं आणि मान टाकतं.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती कोलमडीने. संध्याकाळी ताठ असलेलं रोप सकाळी आडवं पडतं. जवळून पाहिलं तर मातीलगतचा देठ तपकिरी, दोऱ्याएवढा बारीक झालेला दिसतो. ही बुरशी. दाट पेरणी, सतत ओल आणि कोंदट हवा मिळाली की ती पसरते. पडलेलं रोप परत उठत नाही. भोवतालच्या मिश्रणासकट ते काढून टाका, पाणी थांबवा, वारा लागू द्या.

पेरणीची वेळ सणांवरून धरा. अधिक मास मधे आला नाही तर आषाढी एकादशीला पेरलेल्या झेंडूला दसऱ्यापर्यंत जवळपास 90 दिवस मिळतात. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारास पेरला तर दिवाळीपर्यंत सुमारे 80. पेरणीपासून फुलापर्यंत उंच झेंडूला साधारण 65 ते 75 दिवस लागतात. शेंडा खुडला तर झाड फुटव्यांनी भरतं, पण फुलं थोडी लांबतात, म्हणून उशिरा पेरलेला झेंडू खुडू नये. पॅन्सी या थंडीतल्या फुलाची घाई नको. तिला 20 अंशांच्या आसपास गारवा लागतो, आणि जळगाव-भुसावळची ऑक्टोबरची दुपार 35 अंशांना टेकते. रात्री गार पडू लागल्यावर पेरा. तोवर पेरायचंच असेल तर डबे ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवा. हवा कोरडी असल्याने पाणी झपाट्याने उडतं आणि गोणपाट माठासारखं गार राहतं. पावसाळ्याच्या दमट हवेत हा उपाय चालत नाही.

चार खरी पानं (उगवतानाची पहिली दोन धरायची नाहीत) आली की रोपं हलवायची. त्याआधी आठवडाभर ऊन रोज थोडं वाढवत न्या. लावणी संध्याकाळी करा. रोप पानाला धरून उचला, देठाला नाही: पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चेमटला तर रोपच गेलं. झेंडू देठाचा थोडा भाग मातीत जाईल इतका खोल लावा, त्या देठालाही मुळं फुटतात.