बिझनेस अ‍ॅप घेतलं म्हणजे फॉलो-अप आपोआप जात नाही

‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, ग्राहकाला आठवण आपोआप जाते,’ हे दुकानदारांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. ते खरं नाही.

मोफत अ‍ॅपमधले आपोआप जाणारे मेसेज मुख्यतः दोन. स्वागताचा मेसेज ग्राहकाने पहिल्यांदा लिहिलं, किंवा 14 दिवसांच्या शांततेनंतर पुन्हा लिहिलं, की जातो. दुकान बंद असतानाचा मेसेजही समोरून कोणी विचारल्यावरच जातो. म्हणजे सुरुवात ग्राहकाने करायची! वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्याने सहा महिन्यांपूर्वी फिल्टर बदलून दिला असेल, तर ‘काका, फिल्टर बदलायची वेळ झाली’ हे अ‍ॅप स्वतःहून कळवणार नाही.

मग ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची यादी? तिथे दुसरी मेख. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो मेसेज पोहोचतच नाही. त्यामुळे काम झाल्यावर निघतानाच ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ म्हणावं.

खरंखुरं ऑटोमेशन हवं तर व्हॉट्सअ‍ॅपचं एपीआय, म्हणजे आपलं सॉफ्टवेअर त्याला जोडायची सोय, घ्यावी लागते. त्यात ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास मोकळेपणी उत्तर देता येतं. पुढे फक्त आधी मंजूर करून घेतलेला मेसेजचा साचा (टेम्प्लेट), तोही ग्राहकाची संमती असेल तर. जाहिरातीच्या साच्याला पैसे पडतात. एसएमएसचा रस्ता धरलात तर डीएलटी, म्हणजे व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांसाठीची सक्तीची नोंदणी, आलीच.

महिन्याला तीस-चाळीस ग्राहक असतील तर माझ्या मते हा खटाटोप नकोच. फोनच्या कॅलेंडरमध्ये तारीख टाका आणि तयार मजकूर ‘क्विक रिप्लाय’मध्ये ठेवा. चॅटमध्ये तिरकी रेघ दाबली की तो समोर येतो, नाव तेवढं बदलायचं.