गुरांचे पेन्सिल-रेखाटन (रसग्रहण)

पेन्सिलने काढलेल्या गुरांच्या चित्रात जनावर हुबेहूब उतरले की नाही, एवढ्यावर न थांबता रेषा, छटा, पोत, तोल आणि सोडलेली कोरी जागा यांचा मेळ पारखणे म्हणजे त्या रेखाटनाचे आकारिक रसग्रहण. मराठवाड्यात ही नजर निम्मी आधीच तयार असते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल पारखणारा माणूस वशिंडापासून शेपटीपर्यंत पाठीची रेघ डोळ्यांनी ओढतो, चारही खूर कसे टेकतात ते पाहतो. चित्र पाहतानाही सुरुवात तिथूनच करावी.

पेन्सिलीजवळ रंग नाही. लाल कंधारी जातीच्या बैलाचा गडद तांबडा रंग तिला करड्या छटेतच सांगावा लागतो. देवणी जातीत तर तिची खरी परीक्षा होते. या जातीचे तीन प्रकार मानतात : बालंक्या पांढराशुभ्र, वानेरा पांढरा पण तोंडाच्या बाजूंना काळा, आणि शेवेरा अंगभर वेड्यावाकड्या काळ्या ठिपक्यांचा. शेवेऱ्याचा ठिपका बरगडीच्या गोलाईबरोबर वळला पाहिजे. सपाट राहिला तर बैल पुठ्ठ्याचा दिसतो. शिवाय उन्हातला काळा ठिपका आणि सावलीतले पांढरे पोट यांच्या छटा कित्येकदा जवळजवळ येतात. हा फरक ज्याने नीट सांभाळला, त्याचे चित्र ऊन न काढताही उन्हात उभे असते. बालंक्या बहुतेक कोऱ्या कागदाचाच असतो. गव्हाणीमागचा अंधार गडद करायचा, गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीच्या, म्हणजे पोळीच्या, घड्यांत आणि पोटाखाली हलकी छटा द्यायची, बाकी हात आवरायचा. मला यात सर्वांत अवघड आणि सर्वांत सुंदर वाटते ते हे हात आवरणे.

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. फ्रान्समध्ये नीकोला-झाक काँते याने १७९५ मध्ये ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजलेल्या कांड्यांचे पेटंट घेतले. माती जास्त तर कांडी कठीण आणि रेघ फिकी. एचबी, २बी, ६बी हे भेद त्यातूनच येतात; ६बी यांत सर्वांत मऊ आणि काळी. उस्मानाबादी शेळीचे काळेभोर अंग काढताना ६बी दाबून घासली की ग्राफाइट चकाकते आणि काळे उलट करडे दिसू लागते. थरावर थर, केसांच्या दिशेने चढवलेली छटा खोल उतरते. सगळे अंग बोटाने पुसून गुळगुळीत करण्याची सवय चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांत फार दिसते. त्यात केसांचा पोत मरतो आणि कातडीखालचे हाडही हरवते.

मराठवाडी म्हशीची लांब शिंगे मानेला समांतर मागे खांद्यापर्यंत जातात. मान आणि शिंग अशा दोन रेघांमधली निमुळती कोरी जागा बिघडली, की म्हैस ओळखू येईल पण डौल जाईल.

कळपाच्या चित्रात एका पाठीची रेघ दुसरीच्या पोटाआड कुठे हरवते, हे पाहावे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोके कोरले आहे. ज्या हरणाकडे पाहावे त्याचेच ते वाटते. एका आकाराने अनेक देह पेलण्याची ही युक्ती दगडातली आहे, पण गोठ्यात दाटीने बसलेली गुरे काढणाऱ्यालाही तिचा उपयोग होतो : सगळ्या पाठी पूर्ण काढाव्या लागत नाहीत.