आयएसएलची शील्ड आणि आयएसएलचा कप: मोसम नक्की जिंकला कोणी?

२०२३-२४ची इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही फुटबॉल स्पर्धा कोणी जिंकली, असं विचारा. कोलकात्यात उत्तर मिळेल मोहन बागान, मुंबईत मुंबई सिटी. आणि दोघंही बरोबर! १५ एप्रिल २०२४ला सॉल्ट लेक स्टेडियममध्ये या दोघांचा साखळीतला शेवटचा सामना होता. मुंबईला बरोबरी पुरली असती. बागानने २-१ने हरवलं, ४८ गुणांवर पोचले आणि शील्ड घेऊन गेले. मुंबई ४७वरच राहिली. मग ४ मे. तेच मैदान, तेच संघ, पण आता अंतिम सामना. मुंबई ३-१ने जिंकली आणि कप उचलला.

२०२४-२५पर्यंत शील्ड मिळायची साखळीच्या गुणतालिकेत पहिला येणाऱ्याला. प्रत्येक संघाशी घरी एकदा, बाहेर एकदा. बेरीज करायची, विषय संपला. कपासाठी त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, खेळावे लागायचे. पूर्वी वरचे चार संघ थेट उपांत्य फेरीत जायचे. २०२२-२३पासून सहा जण पात्र ठरू लागले: पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, उरलेले चार आधी एकमेकांशी भिडून. म्हणजे सहाव्या क्रमांकाचा संघही कप जिंकू शकत होता. आणि 'आयएसएल चॅम्पियन' हे बिरुद लागायचं ते कपवाल्यालाच. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

शील्ड सुरू झाली २०१९-२०मध्ये. त्याआधी तालिकेत अव्वल येऊन हाती काहीच लागत नसे. पहिली शील्ड एफसी गोवाची, आणि तो मोसम पाहिला की फरक डोक्यात पक्का बसतो. १८ सामन्यांत ३९ गुण, ४६ गोल. मोसम ऐन रंगात असताना प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना क्लबने काढलं. गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रं हातात घेतली आणि जमशेदपूरमध्ये ५-० जिंकून शील्ड नक्की केली. दहा दिवसांनी दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीतला पहिला सामना चेन्नईत, चेन्नईयिन संघाशी: ४-१ने हार. गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवर परतफेड ४-२, पण एकूण हिशेब चेन्नईयिनच्या बाजूने ६-५. अंतिम सामना फातोर्ड्यालाच होता, कोरोनामुळे रिकाम्या स्टेडियममध्ये, आणि त्यात गोवा नव्हताच. कप कोलकात्याच्या एटीकेने नेला.

तेव्हा पैशांतला फरक तर लाजिरवाणा होता. शील्डला ५० लाख, कपाला ८ कोटी. चार महिने घाम गाळणाऱ्याला चिल्लर आणि शेवटचे तीन सामने जिंकणाऱ्याला घबाड! २०२१-२२पासून शील्डला साडेतीन कोटी आणि कपाला सहा कोटी असं वाटप झालं.

पण आशियाची मोठी स्पर्धा शील्डमागे आली, आणि माझ्या मते तीच खरी कमाई. त्या पहिल्या शील्डमुळे एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लब स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. एप्रिल २०२१मध्ये ते सामने फातोर्ड्यालाच झाले. समोर इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल-रय्यान, अबुधाबीचा अल-वाहदा. गोव्याने तीन सामने बरोबरीत सोडवले, गटात तिसरा आला. मुंबई सिटी पुढच्या वर्षी त्याच वाटेने गेली आणि इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ हरवून आली. गटसाखळीत भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय.

शील्ड आणि कप एकाच मोसमात जिंकणं २०२४-२५पर्यंत दोघांनाच जमलं. २०२४-२५मध्ये मोहन बागानने ते केलं, आणि त्याआधी २०२०-२१मध्ये मुंबई सिटीने. मुंबईने त्या वेळी उपांत्य फेरीत पेनल्टींवर बाहेर काढलं ते एफसी गोवालाच, आणि मुंबईचे प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा.