मार्फानची मुले आणि लोसार्टन : ‘फरक नाही’ म्हणजे कशात?

मार्फान सिंड्रोम हा ऊतींना आधार देणाऱ्या जाळ्याचा जनुकीय आजार. त्यात हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, म्हणजे महाधमनी, फुगत जाते आणि फुटू शकते. तो असलेल्या मुलाच्या आईवडिलांना आज औषधांबाबत साधारण एकच उत्तर मिळते. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद आणि मऊ करणारे औषध) द्या किंवा लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाच्या कुळातले एखादे ‘सार्टन’ द्या. सोसत असेल तर दोन्ही द्या. २०१०च्या आसपास हे उत्तर इतके निवांत नव्हते. लोसार्टन म्हणजे थेट रोगाच्या मुळावर घाव, अशी तेव्हा हवा होती. २०१४मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि तेच औषध ‘फसलेले’ ठरले. पुढे २०२२मध्ये सगळ्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र केल्यावर ते पुन्हा सन्मानाने यादीत बसले. औषध तेच होते, मुलेही त्याच आजाराची होती. मग एवढे हेलकावे का बसले?

बीटा ब्लॉकरचा पूर्वेतिहास टर्कीच्या खुराड्यात सापडतो. पाळीव टर्की महाधमनी फुटून अचानक मरत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या खाद्यात रक्तदाब उतरवणारे रेझर्पिन मिसळले, तेव्हा मरतूक घटली. १९६८मध्ये प्रोप्रानोलॉल या बीटा ब्लॉकरनेही पक्षी वाचतात असे दिसले. त्या प्रयोगात टर्कींना महाधमनी कमकुवत करणारे रसायन मुद्दाम खाऊ घातले होते. तर्क साधा होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला भिंतीवर धक्का बसतो. भिंत बदलता येत नसेल तर धक्का तरी मऊ करावा. १९७०च्या दशकात हा तर्क मार्फानच्या रुग्णांपर्यंत पोहोचला. १९७२च्या एका पाहणीनुसार हे रुग्ण सरासरी ३२व्या वर्षी दगावत होते, त्यामुळे पक्क्या पुराव्याची वाट पाहण्याइतकी सवड कोणाला नव्हती.

पुरावा आला तो १९९४मध्ये, आणि तोही बेताचाच. १२ ते ५० वयाचे ७० रुग्ण. ३२ जणांना प्रोप्रानोलॉल, ३८ जणांना काही नाही. कोणाला काय मिळते आहे हे सर्वांना ठाऊक. दहाएक वर्षांच्या पाठपुराव्यात औषध घेणाऱ्यांच्या महाधमनीचे मूळ (तिचा हृदयाला लागूनचा भाग) बरेच सावकाश रुंदावले. बारा वर्षांखालचे मूल त्यात एकही नव्हते. तरी या ७० जणांच्या जोरावर बीटा ब्लॉकर लहान मुलांसाठीही प्रस्थापित उपचार झाला. हा मुद्दा पुढे फार महाग पडला.

त्याआधी, १९९१मध्ये, मार्फानमध्ये बिघडलेले जनुक सापडले होते, ऊतींना आधार देणाऱ्या फायब्रिलिन-१ या प्रथिनाचे. आजार म्हणजे कच्चा माल सदोष, इमारत कमकुवत, अशीच समजूत तेव्हा होती. २००३मध्ये उंदरांच्या फुप्फुसांवरच्या कामाने तिला धक्का दिला. फायब्रिलिन हे नुसते बांधकामाचे सामान नाही. टीजीएफ-बीटा या संदेशवाहक प्रथिनाला ते लगाम घालून ठेवते. लगाम सुटला की संदेश बेफाम होतो आणि ऊतींची घडी बिघडते. लोसार्टन रक्तदाबाचे जुने औषध, पण ते हा संदेशही दाबते. २००६मध्ये मार्फानच्या उंदरांना ते दिले गेले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला प्रोप्रानोलॉल होते आणि रक्तदाबावरचा परिणाम सारखा राहील अशा बेताने मात्रा ठरवल्या होत्या. लोसार्टन घेतलेल्या उंदरांची महाधमनी निरोगी उंदरांपासून वेगळी ओळखता येईना. प्रोप्रानोलॉलने वाढ मंदावली, पण भिंतीची बिघडलेली रचना तशीच राहिली.

२००८मध्ये १८ मुलांचा अनुभव प्रसिद्ध झाला. ही सगळी अतिगंभीर, आधीच्या औषधांना दाद न देणारी मुले होती. महाधमनीचे मूळ वर्षाला सरासरी साडेतीन मिलिमीटरने रुंदावत होते. सार्टन सुरू केल्यावर तो वेग अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि आजार ऐन जोरात असताना निवडलेली मुले पुढे थोडी सावरलेली दिसतातच. पण असे आकडे पाहिल्यावर आईवडिलांना तुलनागटाचे महत्त्व कोण पटवणार?

मोठी चाचणी तोवर सुरू झालेली होती. २००७पासून अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या २१ केंद्रांवर सहा महिने ते २५ वर्षे वयाचे ६०८ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना अ‍ॅटेनोलॉल (बीटा ब्लॉकर), निम्म्यांना लोसार्टन, तीन वर्षे. काहीच औषध नसलेला किंवा प्लासिबोचा (औषधाविना दिखाऊ गोळीचा) गट ठेवला नाही. सगळा वाद या एका निर्णयाभोवती फिरतो.

निर्णयामागची अडचण खरी होती. बीटा ब्लॉकर हा प्रस्थापित उपचार. महाधमनी आधीच फुगलेल्या मुलाला तीन वर्षे साखरेच्या गोळ्या द्यायला कोणती नैतिक समिती परवानगी देईल, आणि कोणते आईबाप सही करतील? पण वर सांगितल्याप्रमाणे प्रस्थापित म्हणजे ७० जणांची, बारा वर्षांवरची, उघड चाचणी. तिच्या पायावर ‘मुलांना औषधाविना ठेवता येत नाही’ हे गृहीत उभे राहिले, आणि त्या गृहीतामुळे मुलांमध्ये औषधाचा नेमका किती उपयोग होतो हे मोजायची सर्वांत मोठी संधी गेली. याला दोष म्हणावे की अपरिहार्यता, यावर मतभेद आहेत. माझे मत दोषाकडे झुकते. निदान सौम्य फुगवट्याच्या मुलांसाठी तरी तिसरा गट शोधता आला असता. अर्थात, स्वतःचे मूल समोर असते तर मी सही केली असती का, हे मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

दुसरा मुद्दा मात्रेचा. अ‍ॅटेनोलॉल दिवसाला किलोमागे ४ मिलिग्रॅमपर्यंत चढवायची मुभा होती, आणि नाडीचा सरासरी वेग ठरल्याप्रमाणे उतरेपर्यंत ती चढवली गेली. रोजच्या प्रघातापेक्षा हे बरेच आक्रमक होते. लोसार्टन मात्र १.४ मिलिग्रॅमवर थांबले, कारण मुलांच्या रक्तदाबासाठी तेवढीच मात्रा मान्य होती. एकाला पूर्ण लगाम सोडून पळवायचे आणि दुसऱ्याला ठरल्या चालीने न्यायचे, अशी ही शर्यत होती. २०१४चा निकाल ‘लक्षणीय फरक नाही’ असा लागला, तेव्हा त्याचे दोन अर्थ निघू शकत होते: दोन्ही सारखीच उपयोगी, किंवा दोन्ही सारखीच निरुपयोगी. तिसरा गट नसल्याने निवाडा करायला साक्षीदारच नव्हता. लोकांनी मात्र तिसराच अर्थ काढला, की नवे औषध हरले.

गोंधळात भर घातली ती ‘झेड-स्कोअर’ने. प्रौढ माणसाची महाधमनी ४२ मिलिमीटरवरून ४४वर गेली, तर ती फुगली, प्रश्न मिटला. मुलात तसे म्हणता येत नाही, कारण मूलच वाढते आहे आणि त्याच्यासोबत निरोगी महाधमनीसुद्धा रुंदावतेच. म्हणून त्या आकारमानाच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून आपले मोजमाप किती प्रमाण विचलने दूर आहे ते काढतात, तो झेड-स्कोअर. चाचणीत प्रवेशाची अट होती ३च्या वर. तीन वर्षांत दोन्ही गटांचा झेड-स्कोअर किंचित उतरला, आणि त्याच काळात दोन्ही गटांत महाधमनीचे मूळ वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास रुंदावलेही. ‘वाढली’ आणि ‘कमी झाली’ ही दोन्ही वाक्ये एकाच मुलाबद्दल खरी. इकोच्या अहवालात दोन्ही आकडे शेजारी छापलेले असतात. पालक मिलिमीटर वाचून घाबरतात आणि डॉक्टर झेड-स्कोअर वाचून समाधानी दिसतात, त्याचे कारण हेच.

स्कोअर उतरला म्हणजे औषध लागू पडले, असे तरी म्हणावे का? तेही अवघड. स्कोअर उंची आणि वजनातून काढलेल्या शरीराच्या पृष्ठफळावर बेततो, आणि मार्फानची मुले उंच व सडपातळ. मूल जरा भरले की महाधमनी जागच्या जागी असतानाही स्कोअर उतरू शकतो. निरोगी मुलांचे तक्ते एकाहून अधिक आहेत. तेच मोजमाप एका तक्त्यात ३च्या वर, दुसऱ्यात खाली येते. शिवाय ३च्या वर मोजली गेलेली मुलेच निवडली, की पुढच्या मोजणीत काही आकडे आपोआप थोडे खाली येतात. औषधाविना गट असता तर हा वाटा वजा करता आला असता. चाचणीतून एक गोष्ट मात्र ठळक दिसली: जितके मूल लहान, तितका स्कोअर जास्त उतरला. यात औषध लवकर सुरू केल्याचा गुण किती आणि वाढीच्या गणिताचा खेळ किती, हा प्रश्न तिथेच राहिला.

तुलनेचे काम इतर देशांनी तुकड्यातुकड्यांत केले. २०१३मध्ये नेदरलँड्समध्ये २३३ प्रौढांत लोसार्टनची भर घालून वाढ मंदावली. २०१५मध्ये फ्रान्समध्ये दहा वर्षांवरच्या ३०३ जणांत, बहुतेकांना आधीचे बीटा ब्लॉकर चालू असताना, लोसार्टन आणि प्लासिबोत फरक दिसला नाही. २०१९मध्ये ब्रिटनमध्ये ६ ते ४० वयाच्या १९२ जणांत इर्बेसार्टनवर वर्षाला ०.५३ मिलिमीटर वाढ झाली, प्लासिबोवर ०.७४. इर्बेसार्टन शरीरात जास्त वेळ टिकते, हेही तिथे पथ्यावर पडले असावे. २०२२मध्ये सात चाचण्यांतल्या १,४४२ रुग्णांची माहिती व्यक्तिगणिक एकत्र केली गेली. सार्टनने झेड-स्कोअरची वार्षिक वाढ सुमारे निम्म्यावर येते, बीटा ब्लॉकरचा परिणामही त्याच तोडीचा, आणि दोन्हींची बेरीज होत असावी, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे २०१४च्या निकालाच्या दोन अर्थांपैकी पहिला बरोबर होता. आठ वर्षे उशिरा कळले, एवढेच.

मुळावर घाव घालण्याच्या कल्पनेचे मात्र तितके बरे झाले नाही. २०१५च्या सुमारास उंदरांतच दिसले, की टीजीएफ-बीटा फार लहान वयात थेट अडवला तर महाधमनी बिघडते आणि उशिरा अडवला तर सुधारते. त्याच काळात अ‍ॅम्लोडिपिनसारख्या कॅल्शियम रोधकांनी (रक्तदाबाच्या औषधांचा आणखी एक प्रकार) मार्फानच्या उंदरांचे नुकसान झाल्याचेही आढळले, म्हणून मुलांत ती शक्यतो टाळतात. लोईस-डिएट्झ सिंड्रोम या मार्फानसारख्याच आजाराची मुले औषधांच्या बाबतीत बहुतांशी मार्फानच्याच पुराव्यावर चालतात. रक्तवाहिन्या नाजूक करणाऱ्या व्हॅस्क्युलर एलर्स-डानलॉस या आजारात सेलिप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर चालतो, पण २०१०च्या त्या चाचणीत ५३च रुग्ण होते आणि पंधरा वर्षांखालचे कोणी नव्हते.

त्यामुळे आज निवड ठरते ती मुलाकडे पाहून. दमा असेल तर बीटा ब्लॉकर नको. त्याने मूल मरगळत असेल, शाळेत पेंगत असेल, तर सार्टन. मुलगी वयात आली की सार्टनबद्दल वेगळे बोलावे लागते, कारण ते गर्भाला घातक आहे. सुरुवात कोणत्या वयात करायची, यावर मात्र केंद्राकेंद्रांत एकमत नाही. फ्रान्सच्या चाचणीत सर्वांत लहान रुग्ण दहा वर्षांचा असू शकत होता, ब्रिटनच्या चाचणीत सहा वर्षांचा. त्याहून लहान मुले मोठ्या संख्येने होती ती अमेरिकेतून चालवलेल्या चाचणीत, आणि तिथे प्रत्येक मुलाला काही ना काही औषध चालू होते.