घरची रोझरी आणि 2002 चा बदल: पार्श्वभूमी

वसईत ख्रिस्ती घरात वाढलेल्यांच्या बालपणीच्या आठवणी बहुतेक दिवेलागणीच्या रोझरीपाशी, म्हणजे माळेचे मणी मोजत म्हणायच्या मरियामातेच्या प्रार्थनेपाशी, येतात. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, चर्चमध्ये, धर्मगुरूंच्या हातून होते. रोझरी मात्र घरची. ती आजी सांगते, बाकीचे उत्तर देतात, आणि सगळे संपल्यावर लहान मुले मोठ्यांकडे आशीर्वाद मागतात. पुढे आयुष्यात जे स्थैर्य लाभते त्याचा पाया अनेकांसाठी इथेच घातला जातो, कारण ही प्रार्थना समजण्याआधी पाठ झालेली असते. अडचणीच्या दिवशी स्वतःचे शब्द सुचले नाहीत तरी ती ओठांवर येते. म्हणूनच तिच्यातला लहानसा फेरफारही घरात खुपतो.

पोर्तुगीज अमलात (1534 ते 1739) ही भक्ती इथे आली. 1739 मध्ये वसई मराठ्यांच्या हाती गेल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले आणि मोजक्या एतद्देशीय धर्मगुरूंवर भार पडला. धर्मगुरूशिवाय चालणारी उपासना अशा काळात घराघरांत तग धरून राहते. 1883 मध्ये पोपनी ऑक्टोबर हा रोझरीचा महिना म्हणून पाळायला सांगितले. मुंबईच्या गावठाणांत 1896 नंतर प्लेगच्या भीतीने क्रूस उभारले गेले. तिथे शेजारी एकत्र जमून प्रार्थना करू लागले.

आजच्या घडणीवर अधिक परिणाम झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. मिस्सा लॅटिनमध्ये होती तोवर कित्येक भाविक मिस्सा चालू असतानाच हातात माळ घेऊन रोझरी म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 4 डिसेंबर 1963 च्या दस्तऐवजाने लोकभाषेला वाट मोकळी केली आणि मिस्सा मराठीत आली. 1974 मध्ये रोमहून स्पष्ट सांगण्यात आले की मिस्सा चालू असताना रोझरी म्हणणे चूक आहे, पण कुटुंबाने एकत्र म्हणायच्या प्रार्थनांत तिचे स्थान फार वरचे आहे. अशा रीतीने रोझरी पुरती घराकडे आली.

माळेत 59 मणी असतात, 6 मोठे आणि 53 लहान. क्रूस हातात धरून विश्वासांगीकार, मग शेपटीवर, म्हणजे माळेखाली लोंबणाऱ्या तुकड्यावर, एक ‘आमच्या स्वर्गातील बापा’ आणि तीन ‘नमो मरिया’. त्यानंतर पाच दशके, म्हणजे दहा-दहा ‘नमो मरिया’चे गट, प्रत्येकाच्या आधी एक रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातला मननाचा प्रसंग. शेपटी माळेला जोडणाऱ्या पदकापाशी मुले हमखास चुकतात. पहिल्या दशकाचा ‘बापा’ शेपटीच्या वरच्या मोठ्या मण्यावर म्हणून झालेला असतो, पदक पाहून ती तो पुन्हा म्हणतात. दुसरी चूक घाईची. सांगणारा ‘नमो मरिया’चा पूर्वार्ध संपवतो न संपवतो तोच उत्तर सुरू होते, दोन्ही अर्धे एकमेकांवर चढतात आणि दहाचे कधी नऊ होतात, कधी अकरा. एकेक दशक एकेका मुलाला सांगायला दिले की वेग आपोआप आवरतो. पाच दशकांना पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्यापुढच्या लितानीत, म्हणजे मरियेच्या बिरुदांच्या लांब प्रार्थनेत, लहानगी झोपतात, तेव्हा ती काही घरी शनिवारपुरती ठेवतात.

खरा वाद रहस्यांचा. शतकानुशतके ती पंधराच होती. सोमवारी-गुरुवारी आनंदाची, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-शनिवारी गौरवाची. रविवारी बहुधा गौरवाची, पण नाताळाआधीच्या आगमनकाळात आनंदाची आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात दुःखाची. 16 ऑक्टोबर 2002 च्या पत्रात पोपनी पाच नवी रहस्ये सुचवली, प्रकाशाची: यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा, काना गावचे लग्न, राज्याची घोषणा, रूपांतर आणि पवित्र भोजनाची स्थापना. शेवटच्या भोजनाचा वार म्हणून गुरुवार त्यांना मिळाला. गुरुवारची आनंदाची रहस्ये शनिवारी सरकली, कारण शनिवार मरियामातेचा. शनिवारची गौरवाची रहस्ये तेवढी सुटली.

बदलामागचे कारण पक्के होते. जुन्या पंधरात येशू बारा वर्षांचा असताना मंदिरात सापडतो आणि पुढच्याच रहस्यात थेट अटकेच्या रात्रीच्या गेथशेमानेच्या बागेत दिसतो; मधले उपदेशाचे जीवन वगळलेले. विरोधकांचे म्हणणेही हलके नव्हते. पंधरा दशकांचे 150 ‘नमो मरिया’ म्हणजे बायबलमधल्या 150 स्तोत्रांऐवजी सामान्यांनी म्हणायची प्रार्थना, हा मेळ 200 झाल्यावर राहत नाही. पण घरात अडले ते याहून साध्या जागी. आजीची शनिवारची रहस्ये बदलली. नव्या पुस्तिकेत एक तक्ता, जुन्या पुस्तिकेत दुसरा, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातून आलेले मूल आजीला चुकीचे ठरवू लागले. हे फार वाईट झाले, असेच म्हणावे लागते. ज्या बाईने घराला प्रार्थना शिकवली तिनेच घरात अडखळावे, असे त्या पत्रात कुठेही अपेक्षित नव्हते. नवी रहस्ये घ्यायची की नाही हे त्यात व्यक्ती आणि समुदायांच्या इच्छेवर सोपवले आहे. ही ओळ तक्ते छापताना मागे पडली. वयस्कर माणूस सांगत असेल तर पंधराचाच क्रम ठेवावा, मुले सांगू लागली की वीसचा घ्यावा. दोन्ही चालतात. एका घरात एका वर्षात दोन्ही मिसळले तर मात्र आज कोणती रहस्ये यावरूनच रोज वाद होतो.

याआधीचे फेरबदल कुणाला आठवतही नाहीत. ‘नमो मरिया’चा उत्तरार्ध आजच्या रूपात 1568 च्या प्रार्थनाग्रंथात कायम झाला. दशकाच्या शेवटची ‘हे माझ्या येशू’ ही प्रार्थना पोर्तुगालमधल्या फातिमा इथे 1917 मध्ये झालेल्या मरियेच्या दर्शनांतून आली आणि घरोघरी रुळली.

20 जून 2020 रोजी लितानीत तीन नव्या बिरुदांची भर पडली. त्यांतले एक स्थलांतरितांना दिलासा देणाऱ्या मातेचे. मुले आखातात नाहीतर कॅनडात असलेल्या घरांत ते मनापासून म्हटले जाते. अशी घरे आता फोनवर एकत्र रोझरी म्हणतात. तिथे आवाज उशिरा पोहोचतो आणि सगळ्यांनी मिळून दिलेले उत्तर विस्कटते. म्हणून एका घरानेच मोठ्याने उत्तर द्यावे, इतरांनी माइक बंद ठेवून म्हणावे, आणि दशक बदलले की उत्तर देणारे घरही बदलावे.