झेंडा चालतो, फूल अडते : फुटबॉल प्रेक्षकांच्या देशप्रेमाची पार्श्वभूमी

१४ जून १९२५ रोजी बार्सिलोनातल्या ले कोर्त्स मैदानावर ब्रिटिश आरमाराच्या बँडने स्पेनचे राष्ट्रगीत वाजवायला घेतले आणि प्रेक्षकांच्या शिट्ट्यांत ते बुडून गेले. मग त्याच बँडने ब्रिटनचे राष्ट्रगीत सुरू केले. त्याला त्याच प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. स्पेनमध्ये तेव्हा लष्करी हुकूमशाही होती. मैदान सहा महिने बंद ठेवण्याचा हुकूम निघाला (पुढे मुदत निम्मी झाली) आणि क्लबच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. राष्ट्रगीत वाजवणारा राजकारण करत नाही, त्यावर शिट्टी मारणारा मात्र करतो, हे गृहीतक इतके जुने आहे.

अधिकृत बाजूने केलेल्या हावभावांचा इतिहासही काही गौरवास्पद नाही. १४ मे १९३८ रोजी बर्लिनमध्ये इंग्लंडच्या संघाने सामन्याआधी नाझी पद्धतीची सलामी दिली, तीही स्वतःच्या मुत्सद्द्यांच्या आग्रहावरून. संघ ६-३ ने जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो फोटो. १९५४ मध्ये बर्नला पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला तेव्हा जर्मन प्रेक्षकांनी राष्ट्रगीताचे, नाझी काळाच्या आठवणीमुळे वगळलेले पहिले कडवे म्हटले आणि स्विस रेडिओने प्रक्षेपण तोडले. त्यानंतर जर्मनीत झेंडा हा बराच काळ संकोचाचा विषय राहिला. १९९० च्या विजयात तो रस्त्यावर दिसला होताच, पण गाडीच्या खिडकीला काळा-लाल-सोनेरी झेंडा लावून फिरणे सर्रास झाले ते २००६ च्या घरच्या विश्वचषकात. त्या उन्हाळ्यावर जर्मन वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले : हा निरोगी अभिमान की जुन्या रोगाची सुरुवात? उत्तर अजूनही ज्याच्या त्याच्या राजकारणाप्रमाणे बदलते.

खरा गुंता मात्र नियमांचा आहे, आणि तो ब्रिटनमधल्या कागदी फुलावरून जितका उघडा पडला तितका दुसऱ्या कशावरून पडला नसेल.

११ नोव्हेंबर हा पहिले महायुद्ध थांबल्याचा दिवस. त्याच्या आसपास ब्रिटनमध्ये लाल पॉपीचे कागदी फूल छातीवर लावतात. त्यातून जमणारा पैसा माजी सैनिकांसाठी जातो. बहुतेक ब्रिटिशांना यात राजकारण दिसत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक वस्त्यांत दिसते, कारण तिथे ब्रिटिश सैन्य म्हणजे केवळ महायुद्धातले सैन्य नव्हे. १९७२ मध्ये याच सैन्याने डेरीत निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या होत्या. त्या शहरात वाढलेल्या एका फुटबॉलपटूने २०१२ पासून पॉपीचा शर्ट घालायला नकार दिला. इंग्लिश मैदानांवर त्याची पुढे वर्षानुवर्षे हुर्यो उडवली गेली. फूल लावणे ऐच्छिक आहे असे सांगणारेच ती उडवत होते.

खेळाच्या नियमावलीत साहित्याबद्दलचा जो चौथा नियम आहे, त्यानुसार पोशाखावर राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक घोषणा किंवा चिन्ह चालत नाही. २०११ मध्ये वेम्बलीवर स्पेनविरुद्धच्या सामन्यात इंग्लंडला शर्टावर पॉपी हवी होती. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने (फिफा) नकार दिला. पंतप्रधान आणि राजपुत्र यांनी पत्रे लिहिली, दोन निदर्शक झुरिकच्या मुख्यालयाच्या छतावर चढले, आणि शेवटी तडजोड झाली : शर्टावर नाही, पण दंडावरच्या काळ्या पट्टीवर चालेल. ज्या चिन्हाला शर्टावर राजकीय ठरवले ते चार बोटे बाजूला सरकले की राजकीय कसे राहत नाही, हे कोणी समजावून सांगितले नाही.

२०१६ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचा सामना नेमका ११ नोव्हेंबरला आला. या वेळी संघटनेने पट्टीलाही हरकत घेतली. ब्रिटिश संसदेत पंतप्रधानांनी आगपाखड केली. संघटनेच्या महासचिव सेनेगलच्या होत्या. युद्ध काही एकट्या ब्रिटनने सोसलेले नाही, सीरिया आहे, आपला स्वतःचा खंड आहे, मग अपवाद एकाच देशासाठी का, असा त्यांचा सवाल होता. त्याला धड उत्तर मिळाले नाही. दोन्ही संघ पॉपीची पट्टी बांधूनच उतरले. डिसेंबरमध्ये दंड जाहीर झाला : इंग्लंडला ४५,००० स्विस फ्रँक, स्कॉटलंड आणि वेल्सला प्रत्येकी २०,०००, उत्तर आयर्लंडला १५,०००. यातले वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे दंड प्रेक्षकांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे आहेत. या दोन संघांच्या खेळाडूंनी आपापल्या सामन्यांत कोरी काळी पट्टी बांधली होती. त्यांच्यावरच्या कारवाईत मैदानावरच्या श्रद्धांजलीबरोबर स्टँडमधल्या पॉपीचाही हिशेब धरला गेला. म्हणजे तिकीट काढून आलेल्या माणसाच्या छातीवरचे फूलही नियमाच्या कक्षेत आले.

याच वादात आयर्लंड प्रजासत्ताकही ओढले गेले. त्यांच्या संघाने मार्च २०१६ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध १९१६ च्या ईस्टर उठावाच्या शताब्दीचे चिन्ह शर्टावर लावले होते. तेव्हा कोणी हूं की चूं केले नव्हते. पॉपीचे प्रकरण तापल्यावर एका ब्रिटिश खासदाराने ते उकरून काढले आणि आयरिश संघटनेलाही ५,००० फ्रँकचा दंड झाला. ब्रिटनविरुद्धच्या बंडाची शताब्दी आणि ब्रिटनच्या सैनिकांची आठवण, दोन्ही एकाच कलमाखाली.

बातम्यांत सहसा न येणारी गोष्ट पुढे आहे. खेळाचे नियम जागतिक संघटना एकटी करत नाही. ते एक वेगळे मंडळ करते. तिथे जागतिक संघटनेची चार मते असतात आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचे प्रत्येकी एक. बदलाला आठपैकी सहा मते लागतात. दंड झालेले चौघे आणि नियम बदलण्याच्या टेबलाशी बसलेले चौघे एकच होते. २०१७ मध्ये नियमाचे नवे स्पष्टीकरण आले. त्यानुसार महत्त्वाच्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय प्रसंगाची आठवण करता येते, मात्र प्रतिस्पर्धी संघ, त्याचे प्रेक्षक आणि सर्वसामान्य लोक यांच्या भावना विचारात घ्याव्यात. पक्ष, सरकार, विशिष्ट राजकीय घटना यांची चिन्हे निषिद्धच राहिली. त्याच नोव्हेंबरात वेम्बलीवर इंग्लंड आणि जर्मनी दोघेही पॉपीची पट्टी बांधून खेळले. कोणालाही दंड झाला नाही.

नवी भाषा जुनीपेक्षा शहाणी आहे, यात शंका नाही. पण जिच्या चिन्हावरून ती बदलली ती बाजू मतदान करू शकत होती. ज्यांना असे मत नाही, त्यांचे काय होते तेही पाहावे.

कॅटलोनियाचा ताऱ्याचा स्वातंत्र्यवादी झेंडा २०१५ च्या बर्लिनमधल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात फडकला म्हणून युरोपीय फुटबॉल संघटनेने बार्सिलोना क्लबला ३०,००० युरोंचा दंड केला. पुढच्या वर्षी स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात तो झेंडा आणायला माद्रिदमधल्या सरकारी प्रतिनिधीने बंदी घातली आणि न्यायाधीशाने ती उठवली. एकच कापड, युरोपच्या स्पर्धेत गुन्हा आणि देशातल्या न्यायालयात अभिव्यक्ती. हाँगकाँगमध्ये २०१५ पासून स्वतःच्याच सामन्यांत चीनच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली जाऊ लागली. संघटनेने दंड केले, ती थांबली नाही. २०२० मध्ये कायदा आला आणि राष्ट्रगीताच्या अपमानाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. मग शांतता झाली. तिला आदर म्हणायचे की नाही, हा वेगळा प्रश्न. २०२२ च्या कतार विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध इराणचे खेळाडू राष्ट्रगीताला गप्प उभे राहिले आणि स्टँडमधल्या इराणी प्रेक्षकांतल्या अनेकांनी ते हुर्यो करून झाकोळले. १९७९ पूर्वीचा सिंह-सूर्याचा झेंडा घेऊन आलेल्यांना दारातच अडवले गेले. ते लोक आपल्या देशाच्या विरोधात होते असे म्हणणारा माणूस इराणी सरकारखेरीज शोधावा लागेल.

उलट बाजूचे प्रकरण जर्मनीत झालेल्या २०२४ च्या युरोपीय स्पर्धेतले. २ जुलै रोजी लाइपझिगमध्ये तुर्कीने ऑस्ट्रियाला २-१ ने हरवले. दोन्ही गोल करणाऱ्या बचावपटूने दुसऱ्या गोलनंतर दोन्ही हातांनी लांडग्याची खूण केली : तर्जनी आणि करंगळी वर, मधली दोन बोटे अंगठ्याला टेकलेली. तुर्की लोककथांत लांडगा पूर्वापार आहे, त्यामुळे ही राष्ट्राची खूण आहे, असे तिकडचे समर्थक म्हणतात. पण हीच खूण एका जहाल राष्ट्रवादी चळवळीची ओळख आहे आणि त्या चळवळीच्या नावावर १९७० च्या दशकातल्या खुनांचा मोठा हिशेब आहे. ऑस्ट्रियात ती २०१९ पासून बेकायदा आहे, जर्मनीत नाही. तुर्की आणि जर्मनी यांनी एकमेकांच्या राजदूतांना बोलावून घेतले. जर्मन संघाच्या शर्टावर गरुड आणि फ्रेंच संघाच्या शर्टावर कोंबडा चालतो, मग आमच्या लांडग्याचे काय, असा तुर्कीच्या राष्ट्राध्यक्षांचा सवाल होता. ऐकायला बिनतोड. मात्र गरुड किंवा कोंबडा दाखवून शेजारच्या अल्पसंख्याकांना धमकावण्याची परंपरा आज कोणी चालवत नाही, हा फरक त्यात गाळलेला आहे.

युरोपीय संघटनेने ५ जुलैला त्या खेळाडूवर दोन सामन्यांची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये उपांत्यपूर्व सामना होता. राष्ट्राध्यक्ष ठरलेला दौरा बदलून हजर झाले. स्टेडियमकडे निघालेला तुर्की प्रेक्षकांचा मोर्चा पोलिसांनी या खुणेमुळे वाटेतच थांबवला. आत मात्र राष्ट्रगीताच्या वेळी असंख्य हात लांडग्याच्या आकारात वर गेले. एका खेळाडूवरची बंदी स्टँडने स्वतःवर घेतली आणि खूण आठवड्याभरात तिप्पट प्रसिद्ध झाली. संघ नेदरलँड्सकडून २-१ ने हरला.

दोनच महिन्यांनी, ७ सप्टेंबर २०२४ रोजी, वाद पुन्हा जुन्या जागी परतला. डब्लिनमध्ये आयर्लंड-इंग्लंड सामना होता. इंग्लंडचे हंगामी प्रशिक्षक स्वतः आयर्लंडकडून खेळलेले. आपण राष्ट्रगीत म्हणणार नाही, खेळाडू असतानाही म्हणत नव्हतो, असे त्यांनी आधीच सांगितले होते. इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्यांच्या हकालपट्टीची मागणी करण्यापर्यंत मजल मारली. तिकडे स्टँडने ब्रिटिश राष्ट्रगीताची हुर्यो उडवली आणि पूर्वी आयर्लंडच्या संघांतून खेळून मग इंग्लंडकडे गेलेल्या दोघांना चेंडू मिळेल तेव्हा डिवचले. गोल त्याच दोघांनी केले.

२०२८ ची युरोपीय स्पर्धा इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड प्रजासत्ताक मिळून भरवणार आहेत. मूळ प्रस्तावातले बेलफास्टचे मैदान पैशाअभावी गळाले. स्पर्धा जून-जुलैत आहे, त्यामुळे पॉपीचा प्रश्न येणार नाही. राष्ट्रगीतांचा येईल.