नक्षीयंत्र (जोडणी-खेळण्यांचे)

छिद्रे पाडलेल्या पट्ट्या, दाती चाके, आस आणि नटबोल्ट अशा जोडणी-खेळण्याच्या भागांपासून तयार केलेले व छोट्या मोटरवर चालणारे हे यंत्र फिरत्या कागदावर पेनाने पाकळ्यांची नक्षी काढते. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेले खेळणे १९०७ पासून मेकॅनो या नावाने विकले जाऊ लागले. त्याच्या भागांतून जोडलेल्या अशा यंत्रास मेकॅनोग्राफ म्हणतात. डेनिस फिशर यांचे १९६५ मध्ये बाजारात आलेले स्पायरोग्राफ हे हाताने फिरवायचे खेळणे त्याच्या जवळचे आहे. लंबकांवर चालणारा हार्मोनोग्राफ मात्र वेगळा, कारण लंबक मंदावत जातो तशी त्याची रेषा आत सरकत जाते आणि आरंभबिंदूला येऊन मिळत नाही.

यंत्राचे मुख्य भाग दोन : कागद बसवलेली फिरती चकती आणि एका बाजूला पट्टीवर टेकलेला, पुढे-मागे हलणारा पेनाचा दांडा. चकतीच्या दाती चाकातूनच दुसरे चाक फिरते आणि त्याच्या कडेजवळच्या खिळीला जोडलेली पट्टी दांडा हलवते. पाकळ्यांची संख्या या दोन चाकांच्या दात्यांवर ठरते. चकतीला ५७ आणि दांड्याच्या चाकाला १९ दाते असल्यास चकतीच्या एकाच फेऱ्यात तीन पाकळ्या होऊन नक्षी बंद होते. १९ ऐवजी ५० दात्यांचे चाक लावल्यास, ५७ आणि ५० यांचा मसावि १ असल्यामुळे, रेषा आरंभबिंदूला परत येईपर्यंत चकतीचे ५० फेरे व्हावे लागतात आणि ५७ पाकळ्या उमटतात. सातवीच्या वर्गात फळ्यावर रुक्ष वाटणारे लसावि-मसावि येथे डोळ्यांना दिसतात, आणि शाळेत हे यंत्र करण्याचे सर्वांत सबळ कारण, प्रस्तुत लेखकाच्या मते, तेच आहे. खिळी आत-बाहेर सरकवली तर पाकळ्या आखूड किंवा लांब होतात, परंतु त्यांची संख्या बदलत नाही.

मेकॅनोच्या छिद्रांतील अंतर अर्धा इंच असते. ५७ व १९ दात्यांच्या चाकांचे आस एकमेकांपासून बरोबर एक इंचावर, म्हणजे सरळ ओळीतील छिद्रांत बसतात. ५७ व ५० दात्यांची जोडी मात्र सुमारे १.४१ इंच अंतर मागते, आणि ते दोन आडवी व दोन उभी घरे मोजून मिळणाऱ्या तिरप्या अंतराएवढे असल्यामुळे तीही चपखल बसते.

शालेय प्रकल्पांत दिसणारी पिवळी बीओ (बॅटरीवर चालणारी) मोटर चकतीला थेट जोडल्यास वेग जास्त होऊन पेन उड्या मारतो. मोटरच्या आसावर वर्म, म्हणजे चकतीच्या दात्यांत अडकणारे मळसूत्री आट्यांचे चाक, बसवल्यास त्याच्या ५७ फेऱ्यांमागे चकतीचा एक फेरा होतो. मोटर मिनिटाला १०० फेरे घेत असेल तर ५७ पाकळ्यांच्या नक्षीला साधारण अर्धा तास लागतो. विदर्भातील खेड्यांत तेवढ्या वेळात वीज जाण्याचा संभव धरूनच चालावे लागते. मात्र दोन्ही हालचाली एकाच मोटरपासून घेतल्या असतील तर त्याने नक्षी बिघडत नाही. सेल उतरून वेग मंदावला तरी दात्यांचे प्रमाण तेच राहते, आणि वीज परत आल्यावर पेन थांबल्या जागेवरून पुढे निघतो; फक्त जेल पेन असल्यास तेथे शाईचा टिपका पडतो. चकतीला व दांड्याला स्वतंत्र मोटर दिल्यास हा भरवसा उरत नाही, कारण दोघींचे वेग थोडे जरी मागे-पुढे झाले तरी नक्षी सरकत जाऊन कागद रेघोट्यांनी भरतो.

बहुतेक बिघाड ढिलाईचे असतात. चाक आसावर धरून ठेवणारा बारीक स्क्रू सैल झाला की रेषा स्वतःला मिळत नाही. सांध्यांत खेळ राहिल्यास पाकळीच्या टोकाला दुहेरी रेघ उमटते आणि दांड्याला ताणून बांधलेले रबर त्यावर पुरेसे ठरते. पेन घट्ट आवळू नये, तो नळीत सैल सोडून स्वतःच्या वजनाने टेकू द्यावा. मे महिन्याच्या उन्हाळ्यात स्केचपेनचे टोक पाहता पाहता सुकते, तर झडीच्या दिवसांत सर्दावलेला कागद मध्यभागी, जेथे रेषा दाट होतात, तेथे फाटतो. म्हणून पावसाळ्यात जाड ड्रॉइंग शीट आणि बॉलपेन बरे.

अटल टिंकरिंग लॅब ही २०१६ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची योजना सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि जेथे अशी लॅब आहे तेथे मोटर व दाती चाके हाताशी असतात. इतरत्र बाजाराच्या गावातील सायकल दुरुस्तीचे दुकान उपयोगी पडते. पायडलचे ४४ दात्यांचे चाक चकतीखाली आणि १८ दात्यांचे फ्रीव्हील दांड्याच्या बाजूला घेऊन दोन्ही साखळीने जोडल्यास नऊ फेऱ्यांत २२ पाकळ्या निघतात. मात्र फ्रीव्हील आधी वेल्डिंगने जाम करून घ्यावे लागते, नाहीतर एका दिशेला ते नुसतेच टिकटिक करत फिरते. एवढ्या जड चकतीला बीओ मोटर पुरत नाही, तेव्हा ती हाताने फिरवली तरी चालते.